आमच्या नगरचा ऐक्य सप्ताह

नाताळ झाला, थर्टी फर्स्टची वॉच नाईट म्हणजे मध्यरात्रीची उपासना झाली, करंज्यांचा डबा तळाला गेला की नगरमधल्या आम्हा ख्रिस्ती पोरापोरींना वेध लागायचे ते १८ जानेवारीचे. १८ ते २५ जानेवारी ऐक्य प्रार्थना सप्ताह, म्हणजे वेगवेगळ्या चर्चच्या ख्रिस्ती लोकांनी एकत्र येऊन ऐक्यासाठी प्रार्थना करायची. रोज संध्याकाळी वेगळं चर्च, आज सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), उद्या कॅथलिक, परवा मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी), असं फिरत फिरत शेवटच्या दिवशी सगळ्यांचं मिळून प्रीतिभोजन. जगभर पाळतात हा सप्ताह, १९०८ साली अमेरिकेत सुरू झाला आणि २५ तारखेला संत पौलाच्या परिवर्तनाचा सण असतो म्हणून त्या दिवशी संपतो. पण तेव्हा आमच्या लेखी ते आमच्या युवक मंडळाचं गॅदरिंगच होतं, शाळेच्या गॅदरिंगपेक्षा भारी!

खरं तर ऐक्याची गोष्ट आमच्या घरातूनच सुरू होते. आजोबा अमेरिकन मिशनवाले आणि आजी एसपीजीवाली. नगरबाहेरच्यांना हे सांगावं लागतं, अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून आहे आणि एसपीजी म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकनांचं मिशन, ते नंतर आलं. दोघेही मराठी, दोघांचीही मूळ गावं नगर जिल्ह्यातलीच, भाकरी तीच आणि पेटी-ढोलकीवरची भजनंही तीच, पण प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, आजोबांच्या चर्चमध्ये बाकावर बसल्या जागी ट्रे फिरवून मिळायचं आणि आजीकडे वेदीपुढे गुडघे टेकून. आजी म्हणायची, लग्नानंतर कितीतरी वर्षं मला बसल्या बसल्या घास तोंडात घालायला जीव धजायचा नाही गं, देवापुढं असं बसतात होय.

मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि आजी-आजोबा कागदोपत्रीसुद्धा एका चर्चचे झाले. याची बोलणी १९२९ ला लखनौमध्ये सुरू झाली होती, म्हणजे एक्केचाळीस वर्षं नुसतं बोलणं, मसुदे, परत बोलणं. बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की समज आल्यावर, यावर माणसं वर्षानुवर्षं बसली आणि शेवटी दोन्ही तऱ्हेचे बाप्तिस्मे ठेवून एकत्र आली. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट अगदी शेवटच्या घटकेला बाहेर राहिले, त्याची हळहळ जुन्या लोकांच्या बोलण्यात यायची. लोक म्हणतात चर्चची कामं फार हळू चालतात, मला मात्र त्या एक्केचाळीस वर्षांचा अभिमान वाटतो, कारण कुणालाही गप्प बसवून ते ऐक्य झालेलं नाही.

कॅथलिकांचं वेगळं होतं. आमच्या शेजारच्या मावशी कॅथलिक, त्या सांगायच्या की त्यांच्या लहानपणी मैत्रिणीच्या लग्नाला दुसऱ्या चर्चात जायचं तरी फादरांना विचारावं लागायचं. नोव्हेंबर १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्याचा जाहीरनामा काढला आणि दारं उघडली. १९६८ पासून तर या सप्ताहाच्या प्रार्थना जागतिक चर्च परिषद आणि रोम दोघं मिळून तयार करतात. त्याच मावशी पुढे आमच्या सीएनआयच्या संध्याकाळी पहिल्या बाकावर असायच्या, डोक्यावर पदर, हातात रोझरी म्हणजे कॅथलिकांची जपमाळ, आणि आमच्यातलं कुणी त्या रोझरीकडे वळून बघायचं नाही.

प्रभूची प्रार्थना हा दरवर्षीचा प्रसंग. कॅथलिक लोक ‘वाइटापासून आम्हांला सोडव’ इथे आमेन म्हणून थांबतात आणि आम्ही पुढे राज्य, सामर्थ्य, गौरव म्हणत सुटतो. म्हणजे अर्धं चर्च थांबलेलं आणि अर्धं चालू, पोरं खुसुखुसु हसायची. एका वर्षी फादर माइकवर आले आणि म्हणाले, अहो हे शब्द आम्हीही मिस्सामध्ये, आमच्या उपासनेत, म्हणतो, फक्त मध्ये एक प्रार्थना येते आणि मग म्हणतो, तर आज आपण न थांबता सगळे मिळून म्हणूया. आणि सगळं चर्च एका आवाजात शेवटपर्यंत गेलं, मावशींचा आवाज सगळ्यात खणखणीत. त्या वर्षापासून सप्ताहात तसंच म्हणायचं ठरलं.

प्रॅक्टिस तर विचारू नका. नाताळची सुट्टी संपली की रोज संध्याकाळी मंडळाच्या खोलीत संयुक्त क्वायर, मी अल्टोमध्ये म्हणजे बायकांच्या खालच्या सुरात, कॅथलिक मुलींचे सूर आमच्यापेक्षा पक्के आणि ताल आमचा पक्का, मुक्तिफौजेच्या मेजरसाहेबांचा (त्यांच्यात पाळकांना असे लष्करी हुद्दे असतात) मुलगा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं वाद्य, वाजवायचा आणि त्याला ढोलकीबरोबर बसवता बसवता पेटीवाल्या मास्तरांचा घाम निघायचा. मुक्तिफौजवाले बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन दोन्ही विधी करत नाहीत, हे मला तिथेच चहा पिताना कळलं, मी किती वेळ त्याच्याकडे बघतच राहिले. मग तो कसा ख्रिस्ती हा प्रश्न मनात आला खरा, पण तोच मुलगा मुक्तिफौजेच्या बूथ हॉस्पिटलमध्ये पेशंटला गाणी म्हणून दाखवायला दर रविवारी जायचा, त्यामुळे तो प्रश्न फार टिकला नाही. एक संध्याकाळ कीर्तनाची असायची, ख्रिस्ती कीर्तन नगरचं जुनं, आणि तेव्हा कोण कुठल्या चर्चचं हे टाळ वाजवणाऱ्या हातांवरून काही कळायचं नाही.

प्रीतिभोजनाला मटण आणि भाकरी. पण २५ तारीख शुक्रवारी आली की जुन्या कॅथलिक आज्या मटण खायच्या नाहीत, म्हणून त्या वर्षी सगळ्यांनाच वांगं-बटाटा आणि मसालेभात. वेगळी पंगत करायची नाही असं आमच्या पाळकसाहेबांनी ठणकावून सांगितलेलं.

एक गोष्ट मात्र कधी झाली नाही, एकत्र प्रभुभोजन. एकत्र गायलो, एकत्र जेवलो, पण वेदीवरच्या भाकरीशी आलो की कॅथलिक आणि आम्ही वेगळे, आणि ते कुणी झाकूनही ठेवायचं नाही. फादर आणि पाळकसाहेब दोघंही भर सभेत सांगायचे की हे अजून होत नाही आणि आम्हाला त्याचं दुःख आहे. मला त्या स्पष्टपणाबद्दल फार आदर आहे. सगळं एकच आहे हो, असं म्हणून उरकून टाकणं सोपं होतं.

२०१३ चा सप्ताह तर विसरताच येत नाही. त्या वर्षीच्या प्रार्थना भारतातून गेल्या होत्या, स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटने तयार केलेल्या, बायबलमधल्या मीखाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायावर, आणि त्यात दलितांचं दुःख होतं. म्हणजे रोमपासून आफ्रिकेपर्यंत लोक आमच्या आजा-पणजांच्या जगण्यावर प्रार्थना करत होते. त्या संध्याकाळी एक वयस्कर बाई उठल्या आणि म्हणाल्या, चर्च वेगळं असलं तर आपण सोयरीक जमवतो, पण बाप्तिस्म्याच्या आधीची जात अजून विचारतो, मग ऐक्य कुणाकुणात करायचं राहिलंय ते सांगा. चर्चमध्ये कुणी काही बोललं नाही, पण बाहेर चहाला तासभर तेवढंच बोलणं चाललं होतं आणि पुढच्या वर्षी मंडळाने एक अख्खी संध्याकाळ त्याच विषयाला दिली.

आता मी पुण्यात असते. क्वायर अजून आहे, कॉर्नेटवाला आता स्वतः मेजर आहे आणि त्याची मुलगी ढोलकी वाजवते. अल्टोला माणसं कमी पडतात असा परवाच निरोप आला, त्यामुळे यंदा १८ च्या आधीच्या दोन्ही शनिवारी मी नगरच्या एसटीत असणार आहे, ज्यांना यायचंय त्यांनी सांगा, स्वारगेटहून एकत्र निघू.