वळणावरचा कठडा, नोंद चौथी : ९१ आणि ७७ चं कोडं सुटलं

मागची नोंद सोडली तेव्हा जिन्याचा खालचा सरळ कठडा फ्रीकॅडमध्ये (थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) तयार होता, वरचाही तयार होता, मधल्या वळणाची मळसूत्री रेषाही काढून झाली होती. पण तिन्ही जिथे एकमेकांना भेटतात तिथे हाताला टोचेल असा कोपरा येत होता. दोन आठवडे मी त्या कोपऱ्यावर अडले होते. आता तो गेलाय. कसा गेला ते सविस्तर लिहिते, कारण उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नव्हतंच, माझ्या मोजमापाच्या वहीत होतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: पुण्यात प्रभात रस्त्याजवळचा आत्याचा बंगला दिवाळीनंतर रिडेव्हलपमेंटला जातोय. १९४० च्या आसपासचं बांधकाम, सागवानी जिना. तो उतरवण्याआधी त्याचा आतल्या बाजूचा कठडा मला मिलिमीटरपर्यंत मॉडेलमध्ये हवाय. जिन्याला १८ चढ आहेत, प्रत्येकी १७० मिमी. त्यातले खालचे चार सरळ, मग सहा पायऱ्या पंख्यासारख्या पसरून काटकोनात वळतात, आणि वरचे आठ पुन्हा सरळ.

कोपरा का येतो ते आधी. सरळ भागात पायरीची रुंदी २७० मिमी आहे, म्हणजे उतार साधारण ३२ अंश. वळणावर चढ तोच १७०, पण कठड्याच्या रेषेवर, म्हणजे ४०० मिमी त्रिज्येवर, एकेका पायरीच्या वाट्याला जेमतेम १०५ मिमी येतात. उतार एकदम ५८ अंशांवर जातो. चालणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण पाय बाहेरच्या रुंद भागावर पडतो. आतल्या कठड्याला मात्र एक मीटरहून जास्त उंची त्या चिमूटभर जागेत चढायची असते. मी वळणासाठी फ्रीकॅडच्या पार्ट विभागातला हेलिक्स, म्हणजे तयार मळसूत्री रेषा, घेतली होती: त्रिज्या ४००, पिच (पूर्ण फेऱ्यातली चढण) ४०८०, उंची १०२०. आकडे बरोबर, रेषा बरोबर, आणि दोन्ही टोकांना २६ अंशांचा मोड. फिलेट मारून (कड गोल करून) पाहिला, तर कठडा तिथे सुजल्यासारखा दिसायला लागला.

आता वहीकडे. पहिल्या भेटीत मी ओळंबा सोडून प्रत्येक पायरीच्या नाकापासून (पुढच्या कडेपासून) कठड्याच्या माथ्यापर्यंतची उंची घेतली होती. सरळ भागात सगळीकडे ८४ सेंमी. वळणावर मात्र खालून वर असे आकडे आले: ९१, ८७, ८४.५, ८४, ८३.५, ८१, ७७. मी ते माझ्या हाताची चूक म्हणून सोडून दिले आणि सगळीकडे ८४ धरलं. अरुंद पायऱ्यांवर ओळंबा हलला असेल, लाकूड बसलं असेल, अशी कारणंही वहीत लिहून ठेवली होती.

परवा आत्याशी बोलताना हे सहज सांगितलं. ती म्हणाली, "अगं, चूक कशी असेल? वर पोचताना कठडा बुटका होतोच की. आई पाहुण्यांना सांगायची, तिथे जरा भिंतीकडून या म्हणून."

रात्री वही पुन्हा उघडली. दिवसभर ताळेबंद बघायची सवय असल्यामुळे आकड्यांच्या जोड्या लावून बघितल्या. ९१ आणि ७७ मिळून १६८. ८७ आणि ८१ मिळून १६८. ८४.५ आणि ८३.५ मिळून १६८. मधला ८४, म्हणजे १६८ चा बरोबर निम्मा. ओळंबा हलला म्हणून आलेल्या चुका अशा तंतोतंत जुळत नाहीत. हे कुणीतरी ठरवून केलेलं होतं.

मग चार्ट पेपरवर जिना उलगडला. ज्यांनी हे केलं नसेल त्यांनी एकदा नक्की करून बघा: नळकांड्याला गुंडाळलेली मळसूत्री रेषा कागद उघडला की सरळ होते. कठड्याने जमिनीवर कापलेलं अंतर आडवं आणि उंची उभी मांडली, की अख्खा जिना तीन सरळ रेषांत उभा राहतो: सौम्य, खडी, पुन्हा सौम्य. मध्ये दोन कोपर. हात न अडखळता सरकायचा तर हे कोपर गोल करावे लागतात. खालच्या कोपरात गोलाई मूळ रेषेच्या वरून जाते, म्हणून तिथे कठडा उंच. वरच्या कोपरात ती खालून जाते, म्हणून तिथे बुटका. म्हणजे सुताराने कठडा पायऱ्यांना समांतर ठेवायचा हट्ट वळणावर सोडून दिला होता.

गोलाई किती लांब धरायची हा प्रश्न उरला. रविवारी मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून कठड्यावर सांधे शोधले. पॉलिशच्या थराखाली केसासारखी एक रेघ वळण सुरू व्हायच्या ३० सेंमी आधी, आणि दुसरी वळण संपल्यावर ३१ सेंमीवर. दोन्हीकडे लाकडाचे रेषे त्या रेघेशी तुटतात. सरळ कठडा तिथे संपतो आणि कोरून काढलेला तुकडा सुरू होतो. म्हणून कोपराच्या दोन्ही अंगांना ३०० मिमी धरले आणि मध्ये पॅराबोला (उतार एकसारखा बदलत नेणारा वक्र) बसवला. त्याचा हिशोब सोपा आहे: दोन उतारांतला फरक (१.६२ वजा ०.६३, म्हणजे ०.९९) गुणिले ३००, भागिले ४. उत्तर ७४ मिमी. ८४ सेंमीत मिळवले तर ९१.४, वजा केले तर ७६.६. पुढच्या पायरीला ८७.१ आणि ८०.९. वहीतल्या आकड्यांशेजारी हे लिहिताना मला खूप आनंद झाला, तो इथे वाटून घ्यावासा वाटला.

आता फ्रीकॅडमध्ये (माझ्याकडे नोव्हेंबर २०२४ ला आलेली १.० आवृत्ती आहे). हेलिक्स पूर्ण काढून टाकला. दर २५ मिमीला आडवं अंतर, त्यावरून उंची, आणि त्या अंतराचं नकाशातलं स्थान, असं टेबल केलं आणि पायथनच्या चार ओळींनी त्या बिंदूंतून बी-स्प्लाइन, म्हणजे एक सलग गुळगुळीत वक्र, ओढली. आधी अख्ख्या कठड्याची एकच स्प्लाइन केली होती, ती फसली. कर्व्हज वर्कबेंचमधला वक्रतेचा कॉम्ब (रेषा कुठे किती वाकते ते दाखवणारी दातेरी आकृती) लावला, तर सरळ भागातसुद्धा बारीक लाटा दिसल्या. नकाशात सरळ रेषा संपून एकदम ४०० ची त्रिज्या सुरू होते, तो धक्का स्प्लाइन शेजारच्या भागावर ढकलते. त्यामुळे सरळ भाग साध्या रेषाच ठेवल्या आणि स्प्लाइन फक्त मधल्या तुकड्यापुरती, दोन्ही टोकांच्या स्पर्शदिशा हाताने देऊन. सुताराचा सांधा आणि माझा सांधा आता एकाच जागी आहेत.

कठड्याचा आडवा छेद मी तपकीर गल्लीतून आणलेल्या सोल्डरच्या जाड तारेने घेतला. ती कठड्याभोवती दाबून बसवली की आकार धरून ठेवते, उलट उसळत नाही. तार कठड्याला गुण्यात (काटकोनात) धरायची, ओळंब्यात नाही. माझा छेद ६२ रुंद आणि ५५ उंच आहे. तोच उभ्या पातळीत घेतला असता तर ३२ अंशांच्या उतारावर उंची ६५ भरली असती.

यानंतरचा त्रास पाइपचा, म्हणजे छेद रेषेवरून ओढून घन आकार करणाऱ्या साधनाचा. ॲडिटिव्ह पाइपला फ्रेने पद्धत दिली आणि कठडा सुंभासारखा पिळला गेला. हे का होतं ते समजून घेतल्यावर राग गेला. फ्रेंच गणिती फ्रेने यांनी १८४७ च्या प्रबंधात मांडलेली, छेदाचं तोंड कुठे ते ठरवणारी चौकट रेषा ज्या बाजूला वाकते त्या बाजूला तोंड करते. शुद्ध मळसूत्रात ते तोंड कायम अक्षाकडे असतं, म्हणून हेलिक्सवर ही पद्धत छान चालली होती. आपल्या कठड्यात मात्र रेषा आधी वर वाकते, मग आत, मग खाली. चौकट तशी फिरते, आणि तिच्याबरोबर छेदही लोळतो. सरळ रेषेत तर वाकच नाही, तिथे तिला तोंड कुठे करावं तेच ठरत नाही.

उपाय म्हणजे ऑक्झिलरी पद्धत. मूळ रेषेपासून १०० मिमी आत, त्याच उंचीवर दुसरी रेषा काढली: वळणात त्रिज्या ३००, सरळ भागात समांतर. पाइप आता छेदाची एक बाजू कायम त्या रेषेकडे ठेवतो, म्हणजे कठड्याची रुंदी सगळीकडे आडवी राहते, जशी हाताला लागते. त्या खिडकीतला कर्व्हिलिनियर इक्विव्हॅलन्सचा चौकोन टिक करू नका. आतली रेषा वळणात आखूड पडते, आणि दोन्ही रेषा लांबीच्या प्रमाणात जोडल्या की वळणानंतर छेद तिरका होतो. मी टिक केला होता, त्यात एक संध्याकाळ गेली.

पडद्यावर सुंदर दिसलं तरी मला लाकडावर तपासायचं होतं. कठड्याच्या खालच्या कडेची रेषा उलगडून प्लॉटरवर एकास एक छापून घेतली. कागद कातीव गजांच्या जिन्याकडच्या अंगावर टेकणार, म्हणून त्रिज्या ४०० नाही, ४१५ धरली आणि वळणाची लांबी ६२८ ऐवजी ६५२ घेतली. रेषेवर कापलेला कागद आत्याने खालून धरला, मी वरून चिकटपट्टी लावत गेले. कड लाकडाला भिडली. सगळ्यात मोठी फट ३ मिमी, वरच्या कोपराजवळ. तिथली मापं दर ५ सेंमीला पुन्हा घेऊन टेबलात घातली आहेत, सूत्रापेक्षा त्या जागी लाकडाचं ऐकायचं ठरवलंय.

पुढच्या शनिवारी तळाचा खांब. तिथे कठडा शंखासारखा आत गुंडाळत जातो आणि गुंडाळताना अरुंदही होतो, त्यामुळे एका छेदावर भागणार नाही. दर पाव वळणाला एक तार लागेल. सोल्डरचं दुसरं रीळ आणून ठेवलंय.