दोन चुका, एक बरोबर उत्तर

आजची दुपार भाचीच्या अकरावीच्या जीवशास्त्रात गेली. कर्बोदकं, प्रथिनं, मेद, न्यूक्लिक आम्लं, सगळं पोरीला तोंडपाठ. पण मधेच तिनं विचारलं, "मावशी, पेशीचं पटल दुपदरी असतं हे कळलं कसं गं? दिसत तर नाही." मी जाम खूश!

१९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या शास्त्रज्ञांनी तांबड्या रक्तपेशी घेतल्या. सस्तन प्राण्यांच्या या पेशींत केंद्रक नसतं, आत दुसरी पटलंही नसतात, म्हणजे जो मेद मिळेल तो बाहेरच्या पटलाचाच. तो ॲसिटोननं काढून पाण्यावर एकपदरी पसरवला, तर त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरलं. म्हणजे दोन थर! मेदाच्या रेणूंची पाण्याशी जमवून घेणारी डोकी बाहेरच्या बाजूंना, पाण्यापासून पळणाऱ्या शेपट्या आत.

गंमत पुढेच आहे. ॲसिटोननं सगळा मेद निघालाच नव्हता आणि पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन्ही चुका एकमेकींत जिरल्या. यावर भाची म्हणाली, "आम्हाला का नाही असे मार्क मिळत?"

मग १९७० चा फ्राय आणि एडिडिन यांचा प्रयोग सांगितला. माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र जोडली, तर दोघांची प्रथिनं ३७ अंशांना ४० मिनिटांत पटलभर मिसळली. थंडीत मात्र मिसळेनात. पटल प्रवाही असतं, ते असं. प्रवाही मेदात प्रथिनं तरंगतात असं सांगणारं सिंगर-निकोल्सनचं सुप्रसिद्ध मॉडेल दोन वर्षांनी आलं. पाठ्यपुस्तकात नेमकं तेवढंच असतं, हे मला काही पटत नाही.