४९० किलोंची गाडी आणि पप्पांचा पाना

चवथीला दोन दिवस उरले की आमच्या गोव्यातल्या उसगावच्या घरी चिंच भिजत पडते. समया, निरांजनं, पंचपात्र सगळं अंगणात काढायचं आणि नारळाच्या शेंडीने घासत बसायचं. यंदाही बसले होते. आई म्हणाली, "बाय, तुझ्या त्या गाडीला पण हेच लाव. नाहीतरी पत्राच तो." मी म्हटलं, तिला वेगळं पॉलिश लागतं, अल्युमिनियम आहे. शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "गाडी आहे की टोप?"

तर हा लेख त्या टोपाबद्दल, म्हणजे मी स्वतः जोडलेल्या माझ्या केटरहॅम गाडीबद्दल. इंग्लंडमधल्या स्विंडनहून दर वर्षी चवथीला घरी येते आणि दर वर्षी माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधताना कुणी ना कुणी विचारतंच, "ती बिनदाराची गाडी अजून आहे? विकली नाहीस?" सगळ्यांना एकदाच उत्तर देऊन टाकते. आहे, आणि विकणार नाही.

आधी गाडी कशी दिसते ते सांगते. जुन्या सिनेमातली शर्यतीची गाडी आठवा. लांब नाक, दोन सुटे दिवे, चाकांवर वेगळी मडगार्डं, मागे दोघांपुरती जागा. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर रिव्हेट मारून बसवलेला अल्युमिनियमचा पत्रा, नाक आणि मडगार्डं फायबरची. दारं म्हणजे बटणाने लावायची कापडं. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही, एअरबॅग नाही, ब्रेकला सर्व्होसुद्धा (पायाचा जोर वाढवणारा) नाही. वजन ४९० किलो, म्हणजे अडीच बुलेट. मारुती ८०० सुद्धा हिच्यापेक्षा दीडेकशे किलोंनी जड.

या घडणीची गाडी पहिल्यांदा १९५७ मध्ये आली, कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीची 'सेव्हन'. तेव्हा इंग्लंडमध्ये तयार गाडीवर भरमसाट खरेदी कर होता, पण सुटे भाग विकत घेऊन घरी जोडले तर तो कर नाही. अट एवढीच की भागांबरोबर जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग म्हणे कंपनीने गाडी खोलायची कशी, याची पुस्तिका दिली. गिऱ्हाइकाने ती शेवटच्या पानापासून वाचत यायचं. ही गोष्ट पप्पांना सांगितली तेव्हा ते इतके हसले की चहा सांडला. त्यांचं आयुष्य उलटं वाचण्यातच गेलं. खोललेलं इंजिन समोर, पुस्तिका नाही, आणि ट्रकमालक दारात उभा.

१९७३ मध्ये तिकडे व्हॅट आला आणि ती करसवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅमला दिले. तेव्हापासून केटरहॅम तीच गाडी थोडी थोडी सुधारत विकते आहे, तयार किंवा खोक्यांत, जशी हवी तशी. कर गेला, पण घरी गाडी बांधायचं वेड काही गेलं नाही.

माझी केटरहॅम १६०. आणि आता आपल्या कामाची गोष्ट: इंजिन सुझुकीचं आहे. ६५८ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो. गिअरबॉक्स सुझुकीचा, मागचा धुराही सुझुकीचा. जपानमध्ये छोट्या 'केई' गाड्यांना ६४ पीएस, म्हणजे अश्वशक्तीची मर्यादा असते, तिकडे इंग्लंडमध्ये ती नसल्यामुळे हेच इंजिन ८० च्या घरात जातं. पप्पांना फोटो पाठवला तर त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि फोन केला. "गो, ही तर ओम्नीची भाची." ओम्नीचं इंजिन वेगळं, पण तीन सिलिंडर, मागे अख्खा धुरा, सुझुकीची हाडं, नातं त्यांनी बरोबर ओळखलं. टायर १५५ चे, १४ इंची साध्या लोखंडी रिमवर. लोकांना वाटतं स्पोर्ट्स कार म्हणजे रोडरोलरएवढी रुंद चाकं. इथे उलट आहे. ओझंच नाही तर रुंद टायर करायचाय काय? हवासुद्धा २० पीएसआयच्या आसपास. पप्पांनी व्हिडिओवर गेज पाहिला आणि म्हणाले, "आधी पंक्चर काढ."

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या त्या वर्षी पप्पांचं गॅरेज रिकामं झालं. त्याआधी दारासमोर टिप्परांची रांग असायची. बोर्डिंगला असल्यासारखे ट्रक आमच्या अंगणात राहायचे. मी शाळेतून आले की दप्तर टाकून रॉकेलमध्ये नट धुवायला बसायची, मोठ्यांच्या मते पोरीला शोभत नाही म्हणून अधूनमधून उठवली जायची. २०१५ मध्ये स्विंडनला गेले. तिथे गोंयकार इतके आहेत की पहिल्या आठवड्यात बसमध्ये कोंकणीत भांडण ऐकलं आणि घरची आठवण येण्याऐवजी गेली. पण हाताला ग्रीस लागलं नाही की मला करमत नाही, हे तिथे गेल्यावर कळलं.

२०१८ मध्ये एका निवृत्त गृहस्थांनी अर्धवट सोडलेली ही गाडी घेतली. सांगाडा चाकांवर उभा, बाकी अकरा खोकी. त्यांचा गुडघा गेला होता, जमिनीवर बसवेना. पुढचं सस्पेन्शन आणि स्टीअरिंग त्यांनी बसवलं होतं, छान, स्वच्छ काम. पप्पांनी फोनवर एकच सांगितलं, "दुसऱ्याने आवळलेला नट सैलच समजायचा." सगळं खोलून परत बसवलं. भाड्याचं गॅरेज, एक बल्ब, आणि हिवाळ्यात पाना हाताला चिकटेल अशी थंडी. अख्खा हिवाळा गेला.

मग सरकारी चाचणी, आयव्हीए. आपल्याकडे घरी बांधलेली गाडी आरटीओत नेऊन उभी केली तर काय होईल याची कल्पना करा. तिथे त्यासाठी रीतसर पद्धत आहे. परीक्षक एक गोळा घेऊन गाडीभर फिरवतो, गोळा जिथे टेकेल तिथली प्रत्येक कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी, म्हणजे कुणी अंगावर आपटला तर चिरणार नाही. म्हणून बोल्टांना प्लॅस्टिकच्या टोप्या घालतात. (चाचणी झाली की बरेच जण त्या काढून टाकतात. माणूस सगळीकडे सारखाच.) ब्रेक, दिवे, धूर, स्पीडोमीटर, पट्टे, सगळं बघतो, वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ यायला लागतं का तेही. माझी पहिल्यांदा एका ब्रॅकेटच्या कडेवर नापास झाली. रबराची पट्टी लावली, पुन्हा नेली, पास.

एवढं झाल्यावर गाडी तयार झाली असं मला वाटलं होतं. बांधणं हा छोटा भाग, खरं काम नंतर सुरू होतं.

जड गाडी बऱ्याच गोष्टी पोटात घालते. जाड पत्रा, रबरं, गालिचे यांत आवाज जिरतो. हिच्यात काहीच जिरत नाही. तीन सिलिंडरची थरथर नळ्यांतून थेट बसायच्या जागेपर्यंत येते आणि तीच थरथर नटही सोडवते. आरसे, दिव्यांचे दांडे, मडगार्डांचे बोल्ट हे तर घरचेच पाहुणे, दर महिन्याला भेटतात. त्यामुळे मी प्रत्येक महत्त्वाचा नट टॉर्क पान्याने (ठरलेला जोर लागला की तो टिक् करतो) आवळल्यावर त्यावर आणि बोल्टावर मिळून एक पिवळी रेघ ओढते. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. रविवारी सकाळी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरायचं आणि रेघा वाचायच्या. पलीकडच्या आजींना वाटतं गाडी सारखी बिघडते.

पहिल्या उन्हाळ्यात मागून आवाज सुरू झाला. टक्. एकदाच, मग बराच वेळ काही नाही. रेघा सगळ्या जागच्या जागी. शॉक अॅब्सॉर्बरची बुशं बदलली, दोन रविवार गेले, आवाज तिथेच. शेवटी पप्पांना व्हिडिओ कॉल.

"खड्ड्यात येतो?"

"कधी कधी."

"अॅक्सिलरेटर सोडून परत दाबलास की?"

गाडी गल्लीत नेऊन पाहिलं. दाबल्यावर टक्. सोडल्यावर, जरा हळू, टक्.

"मग शॉक कशाला बदललेस? धुरा मागेपुढे सरकतोय. त्याला धरणारे दांडे बघ."

"पप्पा, ते मी स्वतः आवळलेत. टॉर्क पान्याने. रेघ पण आहे."

ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "वायसर किती घातलेस?"

एक कमी होता. बोल्टाचा बिनआट्याचा भाग जरासा लांब, त्यामुळे नट आटे संपेपर्यंत गेला आणि तिथेच अडला. दांडा आवळलाच गेला नाही. टॉर्क पान्याला त्यातलं काय कळणार? त्याला जोर लागला, तो टिक् म्हणाला, मी खूश होऊन पिवळी रेघ ओढली. चार रुपयांचा वायसर. साडेसात हजारांहून जास्त किलोमीटरवरून, कानाने. माझ्या एका सहकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, वडिलांना इंटरनेटवर आणा. मी म्हटलं, गुड मॉर्निंगचे फोटो पाठवायला ते आहेतच.

दुसरा शत्रू मीठ. हे गोव्यातल्या माणसाला समजावायला नको. किनाऱ्याजवळच्या घराचं लोखंडी गेट तीन पावसात कसं होतं ते आपण पाहतोच. तिकडे समुद्र लांब, पण हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर खडे मीठ पसरतात. ते चाकांनी उडून थेट नळ्यांवर. नळ्यांवरच्या पावडर कोटिंगला एक खडा लागून टवका उडाला की पाणी आत शिरतं, रंग वरून धड आणि खाली गंज, पापड फुगावा तसा फुगत जातो. बोटाने दाबलं की कळतं. शिवाय पोलादाला अल्युमिनियम चिकटलेलं, मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली की ती! अल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते. म्हणून नवीन काहीही बसवताना मध्ये नायलॉनचा वायसर किंवा सीलंट, नळ्यांवर मेणासारखा गंजरोधक, आणि टवका दिसला की त्याच आठवड्यात घासून रंग. कंटाळवाणं काम आहे. रेडिओ लावून करते.

ऑक्टोबरअखेर गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला कळवायचं, त्याला सॉर्न म्हणतात, रोड टॅक्स वाचतो. बॅटरी चार्जरला, टायरांत जरा जास्त हवा, वर श्वास घेणारं कापड. पहिल्या तीन वर्षांनंतर दर वर्षी एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची, चाचणी असते. तेल, फिल्टर, ब्रेक ऑइल हे इतर गाड्यांसारखंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. इंजिनापर्यंत हात पोचतो एवढं सुख मात्र आजकालच्या गाडीत नाही.

आणि चालवणं? सांगते. आधी बूट काढायचे, कारण पेडलांच्या जागेत एका वेळी एकच पाऊल मावतं. स्टीअरिंगखाली पाय सरकवत आत शिरायचं, त्यात कुठलीही शोभा नाही, साडीत तर विचारच नको. स्विंडनला 'मॅजिक राउंडअबाउट' आहे, १९७२ चा, मधल्या वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळं आणि आतली गाडी उलट फिरते. तिथे माझी नजर ट्रकच्या चाकाच्या नटांना समांतर असते. (सैल दिसलेत एकदा. हॉर्न वाजवून सांगितलं.) गावाबाहेर पडून अफिंग्टनच्या टेकडीकडे निघालं, जिथे उतारावर खडूचा तीन हजार वर्षांपूर्वीचा पांढरा घोडा कोरलाय, की मग वळणं लागतात. स्टीअरिंग मनगटाने फिरतं. रस्त्यावरचं ओलं पान टायरखाली आलेलं कळतं. वेग ऐंशी असतो आणि वाटतं दीडशे, त्यामुळे चलानही येत नाही. पाऊस आला तर चालती असेपर्यंत डोक्यावरून जातो, सिग्नलला थांबलं की मांडीवर. सामानाची जागा पोस्टाच्या पिशवीएवढी. आपल्या दुकानातून शेवग्याच्या शेंगा आणल्या की त्या मागे झेंड्यासारख्या उभ्या.

"इकडे आण ना, चोर्ल्याच्या घाटात चालवू," असं चुलतभाऊ दर वर्षी म्हणतो. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आणता येत नाही, आणि येत असती तरी जकात भरून मी पप्पांचं गॅरेज विकलं असतं. शिवाय आपले गतिरोधक. गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही नाही. पहिल्याच गतिरोधकावर ती वजनकाट्यासारखी डुलत राहील.

परवा निघायचं आहे. काल रात्री बॅग वजनकाट्यावर ठेवली. मर्यादा २३ किलो, काटा २५ वर. माझी ती गाडी हलकी करायला लोक स्टेपनी काढून ठेवतात, आणि मी इथे आईचे नेवऱ्यांचे दोन डबे, कोकमाची सोलं आणि काजूगर घेऊन बसलेय. तेवढ्यात पप्पा कपाट उघडून जुन्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. त्यांचा रिंग पान्यांचा संच, आठ ते चोवीस, टिप्परच्या काळातला.

"पप्पा, तिकडे पाने मिळतात."

"हे तसले नाहीत."

आईने काट्याकडे पाहिलं. पप्पांनी बॅगेतून सोलांची पुडी काढून बाजूला ठेवली आणि तिथे पाने सरकवले. आईने पुडी परत घातली, सतराचा आणि एकोणीसचा पाना बाहेर काढला. "हे दोन कशाला लागतात गो?" मी म्हटलं, नेमके तेच मागच्या धुऱ्याला लागतात. मग तिने माझी जीन्स काढली.