पट्टी कोणाची?

जानेवारीतला शनिवार. सकाळची शाळा सुटली की वेगवेगळ्या शाळांची पोरं एका हायस्कूलच्या पटांगणावर आणायची आणि २६ जानेवारीच्या समूहगानाची एकत्र तालीम घ्यायची, हे आमच्या संगीत शिक्षक संघाचं ठरलेलं काम. आमचा भाग सांगली-मिरजेकडचा. मी संघाचा कार्यवाह. कार्यवाह म्हणजे मुख्याध्यापकांना पत्रं देणं, एसटीची वेळ सांभाळणं, वडापाव मोजून घेणं आणि गाणं बसत नसेल तर तेही निस्तरणं.

संघ म्हटल्यावर कार्यालय, पाटी, कपाट असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. एक पत्र्याची ट्रंक आहे, तीत पावतीपुस्तक, झांजा आणि जुन्या नोटेशनची भेंडोळी. सभासदांत पूर्णवेळ संगीत शिक्षक अगदी मोजके. बाकीचे मराठी-हिंदी शिकवणारे, गावच्या भजनी मंडळात पेटी धरणारे, एक गणिताचे सर तबल्यावर, आणि तासिकेवर येणाऱ्या दोन-तीन मॅडम. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेत कलाशिक्षणाला अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. त्यात चित्रकला आली, संगीत आलं, सगळंच आलं. मग संगीताला कोण मिळतं हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. नववीच्या पालकांना मात्र संगीत एकदम आठवतं, कारण गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा दिल्या असतील तर दहावीला वाढीव गुण मिळतात. तेव्हा आमच्याकडे येऊन 'सर, वर्षभरात मध्यमा परीक्षा होईल का?' म्हणून विचारणारे पुष्कळ.

त्या वर्षीचं गाणं संघातल्याच एका ज्येष्ठ सरांनी बांधलं होतं. निवृत्त झालेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. भूप राग, केरवा ताल, मध्य लय. भूपात सा, रे, ग, प, ध (म्हणजे षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम, धैवत) हे पाचच सूर, कोमल-तीव्राची भानगड नाही, म्हणून शाळेत तो सोयीचा. मुखडा षड्जावरून मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवताला उतरून पुन्हा वर येणारा, आणि अंतरा तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, गंधाराला टेकून खाली येणारा. अण्णांनी शब्दांवर सूर मांडून स्वतःच्या हाताने कागद लिहिला, आम्ही त्याच्या झेरॉक्स काढून डिसेंबरातच शाळाशाळांना पाठवल्या. स्नेहसंमेलनाच्या गडबडीत का होईना, सगळ्यांनी गाणं बसवलं होतं.

अडीच-तीनशे पोरं रांगेत उभी राहिली. मी हात खाली आणला. आणि पुढे जे कानावर आलं त्याला गाणं म्हणणं कठीण. उजवीकडून किंचाळी, डावीकडून कुजबुज, मध्ये कोणीतरी भलतंच. तबल्यावरचे सर थांबले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "यातल्या कुठल्या शाळेला धरून वाजवू?"

मी एकेका शाळेला वेगळं गायला लावलं. तसं ऐकलं तर वाईट कोणीच नव्हतं. फक्त प्रत्येकाचा सा वेगळा, म्हणजे पट्टी वेगळी. पुरुष शिक्षक असलेल्या शाळांनी गाणं काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, बसवलेलं. सरांना ती पट्टी सुखाची, ते खालच्या सप्तकात गातात. पोरं तोच सा एक सप्तक वर धरतात, मग अंतऱ्यातला तार गंधार त्यांना झेपत नाही, आणि तिथे सगळ्या वर्गाच्या मानेच्या शिरा फुगतात. मॅडम शिकवतात त्या शाळा काळी चार किंवा काळी पाचवर. तिथे वरचं सगळं ठीक, पण मुखड्यातला मंद्र धैवत इतका खोल जातो की पाचवीची पोरं नुसता श्वास सोडतात. म्हणजे पट्टी ठरली होती शिकवणाऱ्याच्या गळ्यावरून. पोरांच्या गळ्याला कोणी विचारलंच नव्हतं.

हे राज्यगीताच्या वेळीही रोज होतं. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत आलं, शाळांतून परिपाठाला ते लागतं. १ मिनिट ४१ सेकंदांचं ध्वनिमुद्रण, आवाज शाहीर साबळे यांचा. अस्सल पुरुषी, रांगडा. त्याच्याबरोबर सहावीच्या मुलींनी गायचं म्हणजे एकतर खाली गुरगुरायचं नाहीतर वर ओरडायचं. बहुतेक शाळांत दुसरं होतं, आणि मुख्याध्यापक म्हणतात, पोरांत जोश आहे.

पट्टीचं निस्तरायच्या आधी आणखी एक गंमत बाहेर आली. दोन शाळा मुखड्यात खाली उतरतच नव्हत्या. जिथे मंद्र धैवत, तिथे त्या टुणकन उडी मारून मधला धैवत घेत होत्या. सूर तोच, सप्तक भलतं. मी त्यांच्या मॅडमना कागद दाखवायला सांगितला.

"हा बघा सर, 'ध'वर टिंब आहे. टिंब वर म्हणजे तार सप्तक. एवढ्या वर पोरं जाणार कशी? म्हणून मी मधला घेतला."

अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "टिंब वर म्हणजे मंद्र."

"अहो अण्णा, असं कसं?"

असंच. अण्णा शिकले पलुसकरांच्या लेखनपद्धतीत. तीत मंद्र सप्तकाला स्वराच्या डोक्यावर टिंब आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. मॅडम शिकल्या भातखंड्यांच्या पद्धतीत. तिथे मंद्राचं टिंब खाली, तारेचं वर, आणि उभी रेघ फक्त तीव्र मध्यमावर. म्हणजे एकच टिंब एकाला खाली नेतं आणि दुसऱ्याला वर. आणखी एका सरांनी कबूल केलं की तार षड्जावरच्या रेघांनी ते दोन दिवस चक्रावले होते. "रेघ म्हटल्यावर तीव्र मध्यम आठवतो, आणि भूपात तर मध्यमच नाही! मला वाटलं झेरॉक्स मशीनची रेघ आलीय."

आमच्या भागात अण्णांच्या पिढीने ती पद्धत गिरवावी यात नवल नाही. विष्णु दिगंबर पलुसकर इथल्याच कुरुंदवाडचे, जन्म १८७२ चा. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे पुस्तकांतून आणि विद्यापीठांतून भातखंडे पद्धतच जास्त पसरली, तरुण शिक्षक तिच्यातच तयार होतात. दोन्ही पद्धती चांगल्या. पण एका झेरॉक्सवर त्यांची गाठ पडली की पोरांचे हाल.

टिंबाचा खुलासा पाच मिनिटांत झाला, पट्टीचा होईना. काळी एकवाले म्हणत, पाच जणांनी मिळून शिकवलंय, आता बदलायचं नाही. मॅडम म्हणत, मग आमच्या मुलींनी किंचाळायचं का. पेटीवरच्या सरांनी मध्यम मार्ग काढला, 'काळी दोन घेऊ', ज्याने दोन्ही बाजूंचं वाटोळं झालं असतं. शेवटी मी म्हटलं, भांडण पोरांच्या गळ्याचं आहे, तर त्यांनाच विचारू. पोरं वडापाव खायला सोडली आणि प्रत्येक शाळेतून चार-पाच जणांना पेटीजवळ बोलावलं.

'आ' म्हणत एकेक सूर लावायला लावायचा. खाली कुठपर्यंत आवाज ऐकू येतो, वर कुठे हनुवटी उचलली जाते, एवढंच बघायचं. हनुवटी वर आली की समजायचं, घसा ताणला. पाचवी ते सातवीच्या मुला-मुलींचं जवळपास सगळ्यांचं एकच उत्तर आलं. खाली पांढरी सहा, वर पुढच्या सप्तकातली पांढरी दोन. त्याच्या आत सगळे मोकळे गातात, पलीकडे ताण.

गाणं त्यात बसवायचं तर मंद्र धैवत पांढरी सहावर यायला हवा. म्हणजे सा पांढरी एक. पेटी वाजवणारी आमची मंडळी एरवी या पट्टीकडे बघत नाहीत, ती शिकाऊची पट्टी. भूप तिथे सगळा पांढऱ्या पट्ट्यांवर येतो, काळीला बोट लागत नाही. भजनी मंडळातल्या एका सरांना तर ते अपमानास्पद वाटलं. मराठी शिकवणाऱ्या ज्या दोन सरांनी पेटी पांढऱ्या पट्ट्यांवरच शिकली होती, ते मात्र मनातून खूश होते. पण तार गंधार पांढरी तीनवर जात होता, एक सूर वर. तो कापावा लागणार, आणि कापायचा म्हणजे अण्णांना सांगायचं.

अण्णा एकदम म्हणाले, "वरचा गंधार काढलात, आणि पोरं धैवतावर रेंगाळली, तर भूपाचा देशकार होईल."

हे खरं होतं. दोन्ही रागांत सूर तेच पाच, पण भूपात जोर गंधारावर आणि देशकारात धैवतावर. अण्णांच्या या बोलण्यावर कोणाला उत्तर सुचेना. मग त्यांनीच पेटी पुढे ओढली, भाता हलवत दोन-तीनदा अंतरा फिरवून पाहिला. तार ऋषभाला स्पर्श करून षड्जावर आले, तिथून धैवतावर न थांबता सरळ मधल्या गंधारावर उतरून तिथे ठाण मांडलं. "असं चालेल. पण गंधारावर थांबलं पाहिजे. घाई केलीत तर मी उठून जाईन."

गणिताच्या सरांचा तबला काळी एकला लावलेला. त्यांनी हातोडी काढून गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या तोंडाभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर, खालून ठोके द्यायला सुरुवात केली. एकेका घराला ठोका, चाटेवर बोट, मान वाकडी करून ऐकणं, पुन्हा ठोका. अर्धा सूर उतरवायला त्यांनी पंधरा मिनिटं घेतली आणि सगळा वेळ तोंडाने संघाचा उद्धार चालू होता.

या वेळात माझं लक्ष मागच्या रांगेतल्या एका मुलाकडे गेलं. नववीचा, उंच, ओठांवर लव फुटलेली. पेटीजवळ त्याच्या शाळेने त्याला पाठवलं नव्हतं. मी हाक मारली.

"सर, मी गात न्हाई."

"मग रांगेत कशाला आहेस?"

"उंचीसाठी घेतलंय. सरांनी सांगितलंय, नुसते ओठ हलव."

पांढरी एकचा सा दिला. त्याने वरच्या सप्तकात लावायचा प्रयत्न केला, आवाज मध्येच चिरकला आणि बाजूची पोरं खिदळली. खाली लावायला सांगितलं तर खरखर आली. तो परत जायला वळला. मी म्हटलं, थांब, खालच्या बाजूचा पंचम लाव. लागला. त्यावरचा धैवत? लागला. षड्ज लागला, ऋषभही लागला, जरा दबून. चार सूर, पण चारही गोल आणि भरीव. त्याला स्वतःलाच नवल वाटलं असावं, कारण त्याने न सांगता ते पुन्हा म्हटले.

आवाज फुटताना स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. हे एका रात्रीत होत नाही. मधल्या काही महिन्यांत वरचं गेलेलं असतं, खालचं पुरतं आलेलं नसतं, मधले थोडे सूर काय ते हाताशी असतात. आमच्याकडे त्याला घसा बसलाय म्हणून ज्येष्ठमध चघळायला देतात, नाहीतर मागच्या रांगेत उभं करतात. बहुतेक मुलगे तिथून परत गाण्याकडे येतच नाहीत.

मी सगळ्या शाळांना सांगितलं, ज्यांना ओठ हलवायला सांगितलंय ते पुढे या. आधी कोणी हललं नाही. मग त्या उंच पोराला पुढे बघून एकेक निघाले. वीस-बावीस झाले. शिक्षक इकडेतिकडे बघत होते. एक सर म्हणाले, "अहो, स्पर्धेत बेसूर आलं की गुण जातात, काय करणार?" त्यांचंही खरं होतं. त्यांना त्यांच्या शाळेत विचारणारं कोणी नाही, ढाल मात्र सगळ्यांना हवी असते.

अण्णांचा अंतरा गंधारावरून पंचम-धैवत करत तार षड्जाला जात होता. म्हणजे या पोरांच्या हाताशी असलेले सूर तिथेच होते. खालचा तो गंधार दोघा-तिघांना जड जात होता, त्यांना म्हटलं, तुम्ही पंचमापासून धरा. मुखडा बाकीच्यांनी गायचा, तिथे यांनी गप्प राहायचं आणि टाळ्या धरायच्या. अंतऱ्याला यांनी खालच्या सप्तकात उतरायचं. एकदा केलं तर अर्धी पोरं लाजून गायलीच नाहीत. दुसऱ्यांदा जरा गायली. तिसऱ्यांदा मुलींच्या आवाजाखाली तो थर आला तसे तबल्यावरचे सर वाजवता वाजवता माझ्याकडे बघून भुवया उंचावून हसले. अण्णा म्हणाले, "गंधारावर थांबत नाहीयेत." मग गंधारावर थांबण्यासाठी आणखी सहा-सात वेळा.

साडेचारला एसटी होती, म्हणून सोडावं लागलं.

२६ जानेवारीला ध्वजवंदन झालं, ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत झालं, राज्यगीत झालं आणि मग आमचं गाणं. माइकवाल्याने पेटीपुढचा माइक इतका मोठा केला होता की पहिल्या ओळीला पोरांपेक्षा पेटीच जास्त ऐकू आली. मुखडा बरा झाला. अंतऱ्याला ती पोरं गायली, दोघांचे आवाज चिरकले, कोणी हसलं नाही, कारण पुढची ओळ लगेच आली. गंधारावर काही थांबले, काही नाही. अण्णा शेवटपर्यंत बसून होते, तेव्हा चालण्यासारखं झालं असावं.

फेब्रुवारीच्या बैठकीत दोन ठराव झाले. नोटेशनच्या कागदावर कोणत्या पद्धतीत लिहिलंय ते वर लिहायचं, आणि पट्टी कागदावरच ठरवून द्यायची, ती पोरांचे गळे बघून. पहिला बिनविरोध झाला. दुसऱ्याला काळी एकवाल्यांनी 'शक्यतो' हा शब्द घालायला लावला. वडापावाच्या बिलावर मात्र तासभर चर्चा चालली आणि ती पुढच्या बैठकीवर गेली.