शाळा सोडल्याचे कारण

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी जुनी नावं काढायला जूनमध्ये शाळेत गेलो, तर क्लार्कभाऊंनी जनरल रजिस्टरच पुढ्यात ठेवलं. कापडी पाठीचं, एक कोपरा वाळवीनं खाल्लेलं. शेवटी रकाना ‘शाळा सोडल्याचे कारण’. पानामागून पान एकच शेरा : ‘पालक मुंबईस गेल्याने’. लिहिणारा कंटाळला असावा. पुढे नुसतंच ‘मुंबईस’.

आमच्या नववीत मुली जास्त, मुलगे कमी. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आठवी झाली की मुलगा मामाबरोबर रातराणीनं मुंबईला, कँटीनात नाहीतर छापखान्यात. मुली मात्र दप्तर प्लास्टिकात गुंडाळून वहाळ ओलांडून यायच्या. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. आमच्या बाकांवर तो हिशेब कधीचाच मांडलेला होता.

मध्यंतरी कोकण रेल्वेचं काम निघालं नि पट फुगला. बोगद्यावरच्या कामगारांची मुलं आली. कानडी, तेलुगू आडनावांशी हजेरी घेताना बाईंची झटापट चालायची. १९९८मध्ये गाडी पूर्ण मार्गावर धावू लागली नि ती मुलं गेली. पाठोपाठ त्याच गाडीनं आमचीही माणसं नेली, हे महोत्सवाच्या भाषणात कोणी बोलायचं नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्यातली ऐंशी हजारांवर माणसं कमी झाली. २०११च्याच ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, म्हणजे पटावरची मुलं खरंच आहेत का याची मोजणी. एक मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई. पुतणी ती लावून घरी आली. आजी म्हणाली, “मत कोणाला दिलंस गो?”

पट घटला म्हणून आज हळहळतो ते आम्हीच, मुंबईकर माजी विद्यार्थी. रजिस्टरात माझ्याही नावापुढे तोच शेरा आहे, आणि माझी मुलगी डोंबिवलीत इंग्रजी शाळेत जाते. देणगीची पावती फाडताना हे आठवत नाही, एवढंच.

मी पानं उलटत होतो तेवढ्यात एक गुरखा मुलाला घेऊन दारात उभा राहिला. आंबा कलमांच्या राखणीला आलेली ही नेपाळी कुटुंबं आता बागेतच राहतात. आठवीच्या हजेरीत तांब्यांच्या खाली थापा लागतो. क्लार्कभाऊंनी पेनाचं टोपण काढलं.

“जन्मठिकाण?”

बाप मराठी शब्द जुळवत राहिला. मुलगाच म्हणाला, “रत्नागिरी. सिव्हिल हॉस्पिटल. लिवा.”