डिझेलचा परतावा आणि जिनिव्हा

यंदा जूनमधे माझी मामेबहीण पंधरा दिवस मालवणात आमच्याकडे राहून गेली. दिल्लीला आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पीएचडी करते, आणि आमच्या घरात पाच वर्षं एकच प्रश्न चालू आहे की याचं पुढे काय. आई तर सरळ विचारते, "गो, मगे तू वकील होतलंस की कलेक्टर?" ती हसते आणि अजून एक वाटी सोलकढी मागून घेते.

तिचा विषय म्हणजे मासेमारीची सबसिडी आणि डब्ल्यूटीओ, म्हणजे जिनिव्हातली जागतिक व्यापार संघटना. आता यात आंतरराष्ट्रीय संबंध कुठून आले असं मलाही वाटलं होतं, मला वाटायचं हे लोक अमेरिका-रशिया-चीन असलं काहीतरी करतात. पण ती आली ती बरोबर वेळ साधून. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला पावसाळी बंदी, होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली, बोलायला याच्याइतका चांगला सीझन नाही. माझं बोटीच्या इंजिनाच्या स्पेअरपार्टचं दुकान, या दोन महिन्यांत गिऱ्हाईक येतं ते पण उधारी वाढवायला, तेव्हा मीच तिला स्कूटरवर मागे बसवून फिरवलं.

अकरा पानांची प्रश्नावली होती. पहिला प्रश्न, तुम्हाला मासेमारीसाठी सरकारकडून सबसिडी मिळते का. पहिला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणाला, "सबसिडी? आमका? नाय गो बाय." तिने लिहिलं, नाही. दुसरा नाही, तिसरा नाही, चौथ्याने तर मान पण वर केली नाही. मी बाजूला उभा राहून ऐकतोय, शेवटी राहवलं नाही, म्हटलं अगं परतावा विचार. आमच्याकडे मच्छीमारांच्या सोसायटीतून बोटीला डिझेल घेतलं की त्याच्यावरचा कर सरकार परत करतं, त्याला सगळे परतावा म्हणतात. तिने विचारलं मात्र, तो पहिला तांडेल जाळं बाजूला टाकून उठलाच, "परतावो? तो गावता मां. कधी गावतलो तां मात्र बांगड्याक इचार!"

ती दोन मिनिटं गप्प. मग वहीतली चारही 'नाही' खोडली.

रात्री पडवीत बसून मला समजावत होती. जिनिव्हात ज्याला सबसिडी म्हणतात ती इथे कोणाला सबसिडी वाटतच नाही, आपलेच पैसे सरकारने अडकवून ठेवलेत असं वाटतं. आणि तिकडे टेबलावर बसलेल्यांना हा फरक दिसत नाही कारण त्यांच्यासमोर असतो एक तक्ता. तो तक्ता कोण बनवतं? तर युनिव्हर्सिटीतली माणसं. हे मला नवीन होतं. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात रशीद सुमैला म्हणून मत्स्य-अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत, ते समुद्राच्या संस्थेत पण शिकवतात आणि सार्वजनिक धोरण आणि जागतिक घडामोडी शिकवणाऱ्या विभागात पण. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मधे हिशोब मांडला की २०१८ साली जगभरची सरकारं मिळून मासेमारीवर ३५.४ अब्ज डॉलर सबसिडी देत होती, त्यातले २२.२ अब्ज अशा गोष्टींवर ज्याने बोटींची ताकद वाढते आणि मासा संपतो. चीन, युरोपियन युनियन, अमेरिका, कोरिया, जपान या पाचांचाच वाटा निम्म्याहून जास्त. आणि प्रकार बघितले तर सगळ्यात मोठा वाटा कशाचा, तर इंधनाचा.

म्हणजे आमच्या परताव्याचाच भाऊ! एका कॅनडाच्या कॉलेजात कोणीतरी आकडा काढला, आणि तो फिरत फिरत आमच्या बंदरावरच्या डिझेलच्या टाकीपर्यंत येऊ शकतो. हे ऐकल्यावर मी जरा नीट बसलो.

अशा सबसिड्यांना आळा घालायचा डब्ल्यूटीओतला करार २००१ पासून रखडत होता. मधे २०१५ मधे संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली त्यात लिहून टाकलं की अशा सबसिड्या २०२० पर्यंत बंद करायच्या, तेही झालं नाही. शेवटी जून २०२२ मधे जिनिव्हात अर्धा करार झाला. बेकायदा मासेमारीला, आधीच संपत आलेल्या माशावर आणि कोणाचंच नियंत्रण नसलेल्या खोल समुद्रातल्या मासेमारीला सबसिडी नको, एवढंच त्यात. बोटींची ताकद वाढवणाऱ्या सबसिडीचं काय हा खरा वांदा तसाच राहिला, त्यावर २०२४ मधे अबुधाबीत बसले आणि तिथेही गाडी अडकली. भारताचं म्हणणं साधारण असं, की गरीब देशांना २५ वर्षांची मुदत द्या, आणि जे दुसऱ्यांच्या दारात जाऊन मासे मारतात त्यांनी आधी थांबावं, आणि हिशोब देशाचा एकूण नको, माणशी किती पडतो तो बघा. २०२२ चा करार १५ सप्टेंबर २०२५ ला लागू झाला तेव्हा भारत त्यात नव्हता.

आता 'माणशी बघा' हा मुद्दा मांडायचा तर कोणीतरी माणसं मोजलेली पाहिजेत ना. तिथे हे युनिव्हर्सिटीतले लोक येतात. दिल्लीत आयआयएफटी म्हणून परदेशी व्यापार शिकवणारी संस्था आहे, तिथे वाणिज्य मंत्रालयाने १९९९ मधेच डब्ल्यूटीओच्या अभ्यासाचं केंद्र काढलंय, वाटाघाटीला जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या बॅगेत अशाच ठिकाणचे कागद असतात. तिचे गाइड पण एकदा अशा बैठकीला गेले होते. परत आल्यावर काय सांगितलं म्हणे, तर तीनशे पानांतलं एक पान वाचलं गेलं आणि ते मी विमानात बसून घाईत लिहिलेलं होतं.

अभ्यासकांचं म्हणणं सरकारपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता विद्यार्थ्यांचा. प्राध्यापक वर्गात जे बोलतो ते वीस वर्षांनी कोणाच्यातरी फाइलवर उमटतं. दिल्लीतल्या सप्रू हाउसमधे १९५५ ला आंतरराष्ट्रीय अभ्यासाची एक संस्था सुरू झाली, ती १९७० मधे जेएनयूत गेली, तिथून किती माणसं सरकारात गेली बघा, आत्ताचे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांची पीएचडी पण जेएनयूचीच, अणू-राजनयावरची. यात कोणाच्या कुठल्या वर्गाचा किती वाटा हे मोजता येणार नाही, म्हणून मला हा रस्ता जरा सोयीचा पण वाटतो. काही झालं नाही तरी म्हणायला मोकळे की परिणाम पुढे दिसेल.

मी तिला म्हटलं, आणि सरकारने ऐकलंच नाही तर? तर तिने इराकचं सांगितलं. सप्टेंबर २००२ मधे अमेरिकेतल्या ३३ अभ्यासकांनी, त्यात केनेथ वॉल्ट्झ आणि जॉन मिअरशायमरसारखी त्या विषयातली सगळ्यात मोठी नावं, न्यूयॉर्क टाइम्समधे जाहिरात दिली की इराकशी युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही. जाहिरात! म्हणजे आयुष्यभर हाच विषय शिकवलेल्या माणसांना आपलं म्हणणं सांगायला पेपरात जागा विकत घ्यावी लागली, आपल्याकडे हरवले-सापडले देतात तशी. मार्च २००३ मधे युद्ध झालं ते झालंच. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण नंतर बरोबर ठरून उपयोग काय.

खरं सांगायचं तर दोष सरकारचाच असतो असंही नाही. तिचे दोन पेपर मी मोबाइलवर उघडले होते, पहिल्याच पानावर बुडालो. सात ओळींचं एक वाक्य, त्यात क्रियापद शोधायला गळ टाकावा लागेल. तिला बोललो तर चिडली. मग म्हणाली की असं लिहिलं नाही तर छापत नाहीत आणि असं लिहिलं तर कोणी वाचत नाही.

अजून एक गंमत बंदरावर फिरतानाच घडली. प्रश्नावलीत एक प्रश्न होता, परक्या देशांच्या दूरवर जाणाऱ्या बोटींचा तुम्हाला त्रास होतो का. एक म्हातारा रापणकर होता, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारा, त्याला तिने विचारलं तर म्हणाला होय होता, रोज रात्री दिव्यांची रांग दिसता. ही खूश, पेन काढलं, कुठल्या देशाच्या? तर तो परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरबद्दल बोलत होता. त्याच्यासाठी परका म्हणजे जो रात्रीत येऊन मासा खरवडून नेतो तो, मग पासपोर्ट कुठलाही असो. जिनिव्हातल्या कराराला देश दिसतात, त्याला दिवे दिसतात. हे तिने वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं आणि मला वाटतं तिच्या अकरा पानांत तेवढीच एक ओळ अशी होती जी दिल्लीत बसून कोणाला सुचली नसती.

जाताना प्रश्नावली पाच पानांवर आली होती आणि 'सबसिडी' शब्द पहिल्या पानावरून गेला होता.

गेल्या महिन्यात तिचा मेसेज. चार पानांची टिप्पणी करतेय, कुठल्यातरी बैठकीसाठी गाइडनी मागितलीय, तर मालवणच्या बोटींचा परतावा सरासरी किती महिने उशिरा येतो एवढा एकच आकडा हवाय, अंदाजे नको, कागदावरचा. मी गेलो सोसायटीत. तिथला क्लार्क चहा पीत होता, रजिस्टर मागितलं तर म्हणाला कोणाक होया?

म्हटलं, जिनिव्हाक.

त्याने माझ्याकडे बघितलं, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "थांब, ह्या वर्षाचां नको, गेल्या तीन वर्षांचां काढतंय."