2004ची येळवस गेली कुठे?

आमच्या लातूरच्या घरात कपाटात चौदा व्हीसीडी, म्हणजे जुन्या व्हिडिओ सीड्या, पडून होत्या. बहुतेक येळवशीच्या, म्हणजे शेतात जाऊन साजऱ्या होणाऱ्या आमच्याकडच्या सणाच्या, मामाच्या कॅमेऱ्यावर काढलेल्या. दोन आत्याच्या लग्नाच्या. सगळं जुन्या लॅपटॉपवर घ्यायचं, कोडी (व्हिडिओ रचून ठेवून टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं आणि टीव्हीला जोडायचं असं ठरवलं. काम दोन दिवसांचं वाटलं होतं, महिना गेला.

पहिला घोळ मीच घातला. व्हीसीडीत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं आणि आतल्या फाइलचं नाव प्रत्येक सीडीवर तेच, एव्हीएसईक्यू01.डीएटी. दुसरी सीडी त्याच जागी उतरवली, संगणकाने 'आधीची बदलू का' विचारलं, मी घाईत हो म्हटलं. पहिली गेली. सीडी हाताशी होती म्हणून निभावलं. चित्र 352 बाय 288चं, मोठ्या टीव्हीवर भुरकट दिसणारच. धारदार करून पाहिलं तर आजीचा चेहरा मेणाचा दिसायला लागला. नाद सोडला.

कोडीत फोल्डर जोडताना प्रकार 'सिनेमे' निवडला. मग ते नावावरून इंटरनेटवर माहिती शोधतं. आत्याच्या लग्नावर कुठल्याशा परदेशी मारधाडीच्या सिनेमाचं पोस्टर येऊन बसलं, आत्या आठवडाभर हसत होती. घरगुती व्हिडिओंना 'लोकल इन्फर्मेशन ओन्ली' ठेवायचं आणि प्रत्येक फाइलशेजारी त्याच नावाची एनएफओ फाइल, म्हणजे त्या व्हिडिओची माहिती असलेली साधी मजकुराची फाइल, लिहायची. नोटपॅडमध्ये होते, फक्त यूटीएफ-8मध्ये जतन करा. टीव्हीवर मराठीऐवजी चौकोन दिसले तर फॉन्ट एरियलचा निवडा.

येळवस ही मालिका केली, प्रत्येक वर्ष एक सीझन: एस2003ई01 (सीझन 2003, भाग 1), असं. आणि इथे अडलो. सीड्यांवर पेनने नुसतं 'येळवस', कुठे साल, कुठे तेही नाही. 2003 लिहिलेल्या दोन निघाल्या, 2004ची एकही नाही. येळवस वर्षातून एकदाच, म्हणजे मामाने एकीवर साल चुकवलं, असं धरून मी एक 2004मध्ये टाकली.

आई शेजारी गहू निवडत बसली होती. म्हणाली, "अरे बाबा, त्या साली येळवस आलीच नाही की. धोंड्याचा महिना होता."

कॅलेंडर काढलं. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. ती 2003मध्ये 2 जानेवारीला होती आणि पुन्हा 23 डिसेंबरला. 2004मध्ये अधिक श्रावण आला, सगळं महिनाभर पुढे सरकलं आणि येळवस थेट 10 जानेवारी 2005ला पडली. त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर आणखी एक. मामाचं काही चुकलं नव्हतं. मी महिनाभर मामाला नावं ठेवत होतो.

मग दोन्ही सीड्या लावून कुठली जानेवारीची ते ठरवायचं राहिलं. कोप, म्हणजे पूजेची शेतातली खोपटी, दोन्हीत सारखीच, कडब्याची. पांडव म्हणून मांडलेल्या दगडांना चुना, आंबिलीचं बिंदगं (घागर), भज्जीचं (मिसळीच्या भाजीचं) पातेलं, सगळं तेच. शेवटी धाकट्या चुलतभावावरून सुटलं: एकात तो काकूच्या मांडीवर, दुसऱ्यात ज्वारीत पळतोय.

आता तारीख एनएफओत घातली आहे, आणि कथानकाच्या रकान्यात चित्रात कोण कोण आहे ती नावं. नावं आई सांगते. रिमोट तिच्याच हातात असतो, दर दोन मिनिटांनी थांबवते आणि शेजारच्या शेतातल्या कुणाची तरी सगळी हकीकत सुरू होते. 2005ची दुसरी अजून अर्धीच झाली आहे.